स्क्रीनवर बेड हिरवा, पण खरंच स्वच्छ? कोरड्या बायोफिल्मचा प्रॉब्लेम समजून घेऊया

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका हॉस्पिटलसाठी छोटं ॲप बनवलं होतं. काम सोपं होतं. पेशंटला डिस्चार्ज मिळाला की त्याचा बेड, गादी, लॉकर, सलाईनचा स्टँड पुसायचा आणि प्रत्येक वस्तू पुसून झाली की वॉर्डमधल्या मावशींनी टॅबवर टिक करायची. आठवड्यातून एकदा काही जागांचे स्वॅब लॅबला जायचे. सगळ्या टिक झाल्या आणि स्वॅब निगेटिव्ह आला, की त्या बेडचा चौकोन स्क्रीनवर हिरवा. डेमोच्या दिवशी आख्खा वॉर्ड हिरवागार दिसत होता आणि मी मनातल्या मनात खूश होतो.

इन्फेक्शन कंट्रोल बघणाऱ्या सिस्टर शांतपणे सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “दादा, हिरवा म्हणजे नक्की काय?”

“म्हणजे बेड स्वच्छ आहे, सिस्टर.”

“स्वच्छ आहे, की आपल्याला काही सापडलं नाही?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी टेबलावरचा टॅब उचलला. “आणि हा? दिवसभर सगळ्यांच्या हातात असतो. हा कोण पुसतं? तुमच्या लिस्टमध्ये तर दिसत नाही.”

खरंच नव्हता. बावीस वस्तूंची लिस्ट मीच टाइप केली होती. ज्या वस्तूवर ती लिस्ट दिसत होती, तीच राहून गेली होती.

त्या दिवसानंतर मी या विषयावर जेवढं मिळेल तेवढं वाचलं. सिस्टरांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाभोवती फिरतं: बायोफिल्म. त्यातही कोरड्या पृष्ठभागावरची बायोफिल्म. आज तेच समजून घेऊया. शेवटी आपल्या फोनबद्दलही बोलू, कारण पेशंटला भेटायला जाताना तो आपल्या हातातच असतो.

बायोफिल्म म्हणजे काय?

शाळेत आपण बॅक्टेरियाचं चित्र काढायचो, तेव्हा तो एकटा पोहणारा जीव असायचा. प्रत्यक्षात बरेचसे बॅक्टेरिया एकटे राहत नाहीत. ते एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, तिथे वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट पदार्थ तयार करतात. त्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात, मेलेल्या पेशींमधून बाहेर पडलेला डीएनएसुद्धा असतो. हा चिकट पदार्थ आणि त्यात अडकून राहणारे बॅक्टेरिया मिळून जो थर होतो, तो म्हणजे बायोफिल्म.

तुम्ही ती रोज बघता. सकाळी ब्रश करायच्या आधी दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, ती बायोफिल्मच. बरेच दिवस न घासलेल्या माठाला किंवा पाण्याच्या पिंपाला आतून हात लावल्यावर जे लागतं, तेही तेच. सूक्ष्मदर्शकाखाली दातांवरचा हा थर बघून लेवेनहुक यांनी १६८३ साली त्याबद्दल लिहून ठेवलं होतं. पण बॅक्टेरिया असे चिकटून राहतात आणि हीच त्यांची नेहमीची राहणी आहे, हे ठामपणे मांडलं गेलं १९७०च्या दशकात. बिल कॉस्टर्टन या कॅनडातल्या शास्त्रज्ञाचं नाव त्यात पुढे होतं.

आता दातावर काय, पिंपात काय, पाणी असतंच. त्यामुळे बरीच वर्षं असंच मानलं जायचं की बायोफिल्म ही ओल्या जागेची गोष्ट आहे: नळ, सिंक, कॅथेटर, पाइप. बेडची कड, कीबोर्ड, दाराचं हँडल, लॉकर या कोरड्या जागा. तिथे बॅक्टेरिया पडले तरी सुकून मरतील, असं वाटायचं.

ते तसं होत नाही. २००६ मध्ये काही जर्मन संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून बघितले. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा बॅक्टेरिया कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो, असं त्यांना दिसलं. आयसीयूमध्ये त्रास देणारा ॲसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत. म्हणजे पेशंट घरी जाऊन बरा झाला, तरी त्याने मागे ठेवलेले बॅक्टेरिया वॉर्डमध्येच.

पडदा कापून बघितला तेव्हा

इतके दिवस हे जगतात कसे, याचं एक उत्तर २०१२ साली ऑस्ट्रेलियातून आलं. सिडनीच्या मॅक्वायरी युनिव्हर्सिटीतल्या कॅरन विकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आयसीयूमधल्या वस्तू तपासल्या. त्या जागेचं टर्मिनल क्लीनिंग झालेलं होतं. पेशंट गेल्यावर सगळं पुसून, जंतुनाशक लावून करतात त्या सखोल सफाईला टर्मिनल क्लीनिंग म्हणतात.

नेहमी काय करतात, तर कापसाचा बोळा असलेली काडी वस्तूवरून फिरवतात आणि लॅबला पाठवतात. या टीमने वस्तूंचे तुकडेच कापले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सहा नमुन्यांपैकी चारांवर बायोफिल्म स्पष्ट दिसली. पाचवा नमुना पडद्याचा होता, त्याच्यावर तो चिकट पदार्थ दिसला. तीन नमुन्यांमधून जिवंत बॅक्टेरिया वाढले. खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्याची ओढायची दोरी आणि कापडी पडदा या दोन्हींवर एमआरएसए सापडला. एमआरएसए म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियसचा तो प्रकार, जो मेथिसिलिन आणि त्याच्या कुटुंबातल्या बऱ्याचशा प्रतिजैविकांना दाद देत नाही.

लक्षात घ्या, हे सगळं सफाई झाल्यानंतरचं आहे.

सहा नमुने म्हणजे फारच कमी, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. २०१५ मध्ये याच गटाने आयसीयूमधल्या ४४ नमुन्यांवर काम केलं आणि ९३ टक्के नमुन्यांवर बायोफिल्म सापडली. मग २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या तीन हॉस्पिटलांत असाच अभ्यास झाला. त्यात कार्डिफ युनिव्हर्सिटीचे संशोधक होते. ६१ नमुने, त्यातल्या ९५ टक्क्यांवर कोरडी बायोफिल्म. तपासलेल्या वस्तूंत पेशंटच्या फाइली होत्या आणि कॉम्प्युटरचे कीबोर्डही होते.

कीबोर्ड वाचल्यावर मला सिस्टरांच्या हातातला टॅब आठवला.

जंतुनाशक लावूनही मरत कसे नाहीत?

घरातलं उदाहरण घेऊ. पोळ्यांची कणीक मळून झाल्यावर परात लगेच धुतली तर पीठ एका मिनिटात निघतं. तीच परात रात्रभर तशीच ठेवली की पीठ वाळून असं चिकटतं, की नुसतं पाणी वरून वाहून जातं आणि पीठ जागच्या जागी. आधी भिजत ठेवावी लागते, मग घासावी लागते. कोरडी बायोफिल्म साधारण अशीच वागते. फक्त वाळलेल्या पिठात कोणी जिवंत नसतं. इथे असतं.

कोरड्या बायोफिल्मला मारणं कठीण का जातं, याची तीन मुख्य कारणं आहेत.

पहिलं कारण, आतपर्यंत पोचणं. जंतुनाशक पाण्यात विरघळलेलं असतं. ते पाण्याबरोबर थरात झिरपावं लागतं. वाळून घट्ट झालेल्या थरात हे झिरपणं सावकाश होतं आणि तोपर्यंत वरचा ओलावा उडून जातो. स्पिरिटच्या बाबतीत तर काही सेकंदांतच उडून जातो.

दुसरं कारण, वाटेतच संपून जाणं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्याच्यातलं क्लोरिन समोर जे सेंद्रिय दिसेल त्याच्याशी रिॲक्शन करतं. बॅक्टेरिया कोणता आणि त्याच्याभोवतीचं प्रथिन कोणतं, हे त्याला कळत नाही. कोरड्या बायोफिल्ममध्ये प्रथिनांचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे बरंचसं क्लोरिन बाहेरच्या थरावरच खर्च होतं.

तिसरं कारण, आतले बॅक्टेरिया झोपलेले असतात. अन्न नाही, पाणी नाही, म्हणून ते वाढणं थांबवतात. पेशीतली कामं अगदी हळू चालतात. प्रतिजैविकं आणि काही जंतुनाशकं वाढत असलेल्या पेशीवर जास्त परिणाम करतात. सुप्त पेशी बऱ्याचदा तग धरते.

२०१६ मध्ये अहमद अल्मत्रूदी आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत करून बघितलं. त्यांनी प्लास्टिकच्या छोट्या तुकड्यांवर स्टॅफिलोकोकस ऑरियस १२ दिवस वाढवला. मध्ये मध्ये खाद्य आणि ओल द्यायची, मध्ये मध्ये सुकू द्यायचं, म्हणजे वॉर्डमध्ये होतं तसंच. मग त्यावर १००० ते २०००० पीपीएम ताकदीचं क्लोरिन १० मिनिटांपर्यंत लावलं. २०००० पीपीएम म्हणजे २ टक्के, रोजच्या पुसण्यासाठी कोणी इतकं कडक द्रावण वापरत नाही.

नेहमीच्या पद्धतीने मोजल्यावर निकाल जबरदस्त वाटत होता. बॅक्टेरियाची संख्या इतकी घटली की प्लेटवर काहीच वाढेना. पण तेच तुकडे खाद्य असलेल्या द्रवात आणखी काही दिवस ठेवल्यावर बॅक्टेरिया परत वाढले. ते मेलेले नव्हते. जखमी होते, झोपलेले होते, आणि वेळ मिळाल्यावर उठले.

जंतुनाशकाच्या बाटलीवर ‘९९.९ टक्के जंतू मारते’ असं लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं. पण तो आकडा सहसा द्रवात मोकळे फिरणाऱ्या किंवा नुकतेच सुकवलेल्या बॅक्टेरियावर काढलेला असतो. कित्येक आठवडे जमलेल्या कोरड्या बायोफिल्मवर नाही.

मग टेस्ट निगेटिव्ह का येते?

आता सिस्टरांचा प्रश्न: स्वच्छ आहे, की सापडलं नाही?

कोरडी बायोफिल्म पृष्ठभागाला घट्ट धरून असते. स्वॅबची ओली काडी हलक्या हाताने फिरवली, तर मोकळे बॅक्टेरिया काडीवर येतात, चिकटलेले तिथेच राहतात. जे थोडे आले, ते सुप्त असले तर लॅबच्या प्लेटवर एक-दोन दिवसांत वसाहत करत नाहीत. रिपोर्ट येतो: वाढ नाही. ॲप म्हणतं: हिरवा.

आम्ही कोड लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. सगळ्या टेस्ट पास झाल्या म्हणजे बग नाहीत असं होत नाही. ज्या ठिकाणी टेस्टच लिहिली नाही, तिथले बग शिल्लक असतात. हे मला ऑफिसमध्ये रोज माहीत असतं. तरी हॉस्पिटलच्या स्क्रीनवर मी निगेटिव्ह स्वॅबला सरळ ‘स्वच्छ’ असं नाव देऊन मोकळा झालो होतो.

हॉस्पिटलांमध्ये आणखी दोन तपासण्या वापरतात. एक म्हणजे एटीपी टेस्ट. प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी नावाचा रेणू असतो. काजव्याच्या शरीरातलं एक एन्झाइम एटीपीबरोबर आलं की प्रकाश निघतो आणि छोटं मशीन तो प्रकाश मोजतं. निकाल अर्ध्या मिनिटात हातात. पण ते रक्ताचं एटीपी, जेवणाच्या डागाचं एटीपी आणि बॅक्टेरियाचं एटीपी वेगळं ओळखू शकत नाही. शिवाय इथेही काडीवर जे आलं तेच मोजलं जातं.

दुसरी म्हणजे चमकणारा जेल. साध्या प्रकाशात न दिसणारा ठिपका सफाईच्या आधी बेडच्या कडेला लावून ठेवायचा आणि नंतर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघायचं. ठिपका गेला असेल तर तिथे फडकं फिरलं, नसेल तर नाही. हा बॅक्टेरिया मोजत नाही, पण ‘पुसलं का’ या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो.

तिन्ही तपासण्या उपयोगी आहेत. फक्त प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे, आणि ‘इथे बायोफिल्म आहे का’ हा प्रश्न यातली एकही विचारत नाही.

चिकटून बसलेत ना, मग त्रास काय?

मलाही आधी असंच वाटलं होतं. घट्ट चिकटलेत तर राहू देत तिथेच. २०१८ मध्ये विकरी यांच्या गटाने हेच तपासलं. कोरड्या बायोफिल्मला बोट लावायचं आणि मग त्याच बोटाने एकामागून एक स्वच्छ पृष्ठभागांना हात लावत जायचं. एकदा बोट लावल्यावर पुढच्या १९ स्पर्शांपर्यंत बॅक्टेरिया पोचत राहिले.

नर्सच्या एका फेरीत १९ स्पर्श म्हणजे काहीच नाही. बेडची कड, सलाईनचा पंप, पेशंटचा हात, फाइल, पेन, टॅब, पुढचा बेड. म्हणून हात धुण्यावर एवढा भर देतात. पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ होईल याची खात्री नसते, तेव्हा मधली साखळी तोडायला हात धुणं हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग उरतो.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. बायोफिल्म डिटर्जंटने नुसती ओली केली, तर बोटाला लागून जाणारे बॅक्टेरिया वाढले. म्हणजे थर सैल झाला, पण निघाला नाही. परातीतलं पीठ भिजवलं आणि न घासता तसंच सोडलं, तर हात लावणाऱ्याच्या बोटाला जास्तच चिकटणार ना? अर्धवट सफाईने असं होतं.

मग काढायची कशी?

एका वाक्यात सांगायचं तर आधी घासून काढा, मग मारा. प्रत्यक्षात करताना असं करतात.

१. आधी डिटर्जंट आणि घासणं. रसायनाच्या आधी हाताचा जोर. फडकं दाबून फिरवलं की थर यांत्रिकरीत्या तुटतो आणि फडक्याला लागून निघून जातो. हे काम कोणतंही जंतुनाशक फवारून होत नाही. वरून फुसकन मारून पुसणं म्हणजे परातीवर पाणी शिंपडणं.

२. फडक्याची बाजू बदलत राहणं. मोठं फडकं दोनदा घडी घातलं की पुसायला आठ बाजू मिळतात. एक बाजू एका जागेसाठी. एकच फडकं चार बेडवरून फिरवलं, तर पहिल्या बेडवरून सुटलेले बॅक्टेरिया बाकीच्या तीन बेडना वाटले जातात. स्वच्छ भागाकडून घाणेरड्या भागाकडे आणि वरून खाली असं पुसत जायचं.

३. मग जंतुनाशक, योग्य ताकदीचं. ब्लीचचं गणित सोपं आहे. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर ते ५०००० पीपीएम. १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी घेतलं तर ५००० पीपीएम. १ भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी घेतलं तर १००० पीपीएम. पातळ केलेलं द्रावण रोज ताजं करावं लागतं, कारण ठेवून दिलं की त्याची ताकद उतरते. आणि ब्लीच कधीही टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका. विषारी वायू निघतात.

४. ओलं राहू देणं. प्रत्येक जंतुनाशकाच्या लेबलवर कॉन्टॅक्ट टाइम असतो, म्हणजे पृष्ठभाग किती मिनिटं ओला राहिला पाहिजे. लावून लगेच कोरड्या फडक्याने पुसलं, तर औषध पिऊन लगेच थुंकल्यासारखं झालं.

५. रसायनाची निवड. प्रयोगशाळेतल्या तुलनांमध्ये पेरासेटिक ॲसिडवर आधारलेली द्रावणं कोरड्या बायोफिल्मवर क्लोरिनपेक्षा सरस ठरलेली आहेत, विशेषतः जिथे सेंद्रिय घाण आहे तिथे. हे काम हॉस्पिटलच्या प्रशिक्षित लोकांचं आहे, घरी करून बघायचं नाही.

६. फाटलेलं, तडकलेलं बदलणं. गादीच्या रेक्झिनला चीर गेली, बेडच्या कडेचा रंग उडाला, कीबोर्डच्या फटीत धूळ बसली, की फडकं तिथे पोचतच नाही. अशा वस्तू पुसत राहण्यापेक्षा बदललेल्या बऱ्या.

अल्ट्राव्हायोलेट दिव्याचे रोबोट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडणारी मशीनही असतात. ती हाताने केलेल्या सफाईच्या नंतर वापरायची असतात, तिच्याऐवजी नाही. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सरळ रेषेत जातो. बेडच्या खालच्या बाजूला, सावलीत, धुळीच्या थराखाली तो काम करत नाही.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांसाठीही यातली मूळ शिस्त लिहून ठेवलेली आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘कायाकल्प’ योजना सुरू केली आणि तिच्याबरोबर स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पुसण्यासाठी वेगवेगळ्या बादल्या ठेवण्यासारख्या गोष्टी तिथूनच वॉर्डपर्यंत आल्या. डिटर्जंट, साधं पाणी आणि जंतुनाशक वेगवेगळ्या बादलीत ठेवण्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. घाण पाणी जंतुनाशकात गेलं की क्लोरिन त्या घाणीवरच संपतं.

आणि आपला फोन?

फोन हा कोरडा पृष्ठभाग आहे, दिवसातून शेकडो वेळा बोटं लागतात आणि आपण तो जवळजवळ कधीच घासत नाही. घरी बसलेल्या निरोगी माणसाने यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटायला जाताना एवढं नक्की करा.

वॉर्डमध्ये फोन खिशातच ठेवा. पेशंटच्या बेडवर, लॉकरवर ठेवू नका. फोटो किंवा व्हिडिओ कॉलसाठी पेशंटच्या हातात दिलाच, तर आधी आणि नंतर पुसा. हात धुतल्यावर लगेच फोन हातात घेतला, तर हात परत धुवा. हे शेवटचं आपण सगळेच विसरतो.

घरी आल्यावर कव्हर काढा. सिलिकॉन किंवा प्लास्टिकचं कव्हर साबणाच्या पाण्यात घासून धुवा आणि पूर्ण सुकवा. आतली कड, कॅमेऱ्याभोवतीचा खाचा इथे मळ जमतो, तिथे जुना मऊ ब्रश चालेल. फोन बंद करून आधी किंचित ओल्या मऊ कापडाने नीट पुसून काढा, मग अल्कोहोलच्या वाइपने पुसा. ॲपल आपल्या फोनसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वाइप्स चालतील असं सांगतं. ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र वापरू नका, असंही सांगतं. बाकी कंपन्यांच्या सूचना त्यांच्या सपोर्ट पेजवर बघून घ्या. चार्जिंगच्या पोर्टमध्ये आणि स्पीकरच्या जाळीत ओल जाऊ देऊ नका.

७० टक्केच का, ९९ का नाही? अल्कोहोलला बॅक्टेरियाची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं. शुद्ध अल्कोहोल पटकन उडतं आणि काम अर्धवट राहतं.

अल्ट्राव्हायोलेटचा डबा विकत घ्यावा का, असं मला बरेच मित्र विचारतात. उत्तर वर आलंच आहे. मळ असेल तर त्याच्याखाली प्रकाश पोचत नाही. आधी पुसावंच लागतं.

ॲपचं पुढे काय झालं?

आम्ही हिरवा चौकोन काढून टाकला. आता स्क्रीनवर दोन वेगळ्या ओळी दिसतात. एक, ‘घासून पुसलं’, किती वाजता. दुसरी, ‘शेवटच्या स्वॅबमध्ये काही सापडलं नाही’, कोणत्या तारखेच्या. ‘स्वच्छ’ हा शब्द आम्ही कुठेच ठेवला नाही. लिस्टमध्ये टॅब एक नंबरला आला आणि त्याचं नक्षीचं रबरी कव्हर बदलून साधं, गुळगुळीत कव्हर लावलं.

मी कॉन्टॅक्ट टाइमचा टायमरही टाकला. जंतुनाशक लावलं की सुरू, वेळ झाल्याशिवाय पुढची टिक होणार नाही. मला वाटलं, प्रॉब्लेम सुटला. दुसऱ्याच दिवशी एका मावशींनी मला धरलं. “अरे दादा, तुझं घड्याळ म्हणतंय दहा मिनिटं थांब. खाली स्ट्रेचरवर पेशंट झोपलाय, त्याचे नातेवाईक माझ्याकडे बघतायत. मी एकटी आणि बेड सोळा. कसं थांबू, सांग.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घासायला वेळ लागतो आणि वेळ द्यायला माणूस लागतो. ते ॲपमध्ये टाइप करून येत नाही. पण टायमरमुळे एक झालं. प्रत्येक बेडला खरंच किती मिनिटं लागतात, याची नोंद पहिल्यांदा तयार झाली. सिस्टरांनी महिन्याभराच्या त्या नोंदी छापल्या आणि ऑफिसला नेऊन दाखवल्या. दुपारच्या पाळीला आणखी एक मावशी मिळाल्या. रात्रीच्या पाळीचं अजून बाकी आहे.

पुढच्या वेळी हॉस्पिटलमध्ये कोणी मावशी बेडची कड जोर लावून घासताना दिसल्या, तर त्यांना घाई करू नका. बाहेर दहा मिनिटं जास्त बसावं लागलं तरी चालेल. त्या बेडवर आपलंच माणूस झोपणार असतं.